सपाटीवर मिस, चढावर बरी: १९७८ ची अँबॅसडर, करंटचा दोष की हवा घेतेय?

फर्मागुडी७८ | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण आता मला खरंच काही सुचत नाहीये.

गाडी बाबांची. अँबॅसडर मार्क ३, १९७८ ची, पेट्रोल, १४८९ सीसी, एस.यू. कार्बोरेटर. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाडी मी सांभाळतो. राहायला फोंड्याला, मूळ घर सत्तरीत. दर चतुर्थीला आम्ही याच गाडीने उसगाववरून वाळपईकडे जातो आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सगळं सामान डिकीत भरून नेतो. आईची इच्छा आहे की यंदाही गाडी तीच असावी. हातात तीन आठवडे आहेत.

त्रास असा: सकाळी चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला सुरू होते. स्लोला, म्हणजे रेस न देता उभी असताना मात्र अख्खी थरथरते, आरशात मागचं काही दिसत नाही. फर्मागुडीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते. पुढे मंगेशी, कुंडई, भोम करत बाणस्तारीचा पूल ओलांडला आणि सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५०-५५ ला पाय स्थिर ठेवला की मिस मारायला लागते. फट, फट-फट, मग दोन सेकंद बरी, परत फट. पाय पूर्ण दाबला तर लगेच साफ पळते, पाय उचलला तरी साफ. स्थिर ठेवला की पुन्हा सुरू. रायबंदरच्या कॉजवेवर तर दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये सरळसोट रस्ता आणि मागे बसवाल्याचा हॉर्न, अशी अवस्था होते.

आतापर्यंत बदललेलं: चारही प्लग, प्लग वायरी, कॉइल, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) आणि तीन वेळा कंडेन्सर. गॅरेजवाले आता कार्बोरेटरच बदलू म्हणतायत. त्याला हात लावण्याआधी तुम्हाला विचारतोय.

शिकाऊ_मेकॅनिक | शनिवार, रात्री १०:३१

पेट्रोल फिल्टर आणि पंप बघितलात का? कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल कमी पडत असेल.

सासष्टीकर | शनिवार, रात्री १०:५८

पावसाळा आहे, डेल्कोची (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप आधी पुसा. आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत अर्ध्या जुन्या गाड्या याच कारणाने आजारी असतात. कॅपच्या आत केसाएवढी काळी रेघ दिसते का बघा. तसली तड गेली असेल तर दमट हवेत करंट तिथून पळतो. रात्री पूर्ण काळोख करून बोनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवून वायरींकडे बघा. गळती असेल तर निळ्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात. फिरत्या पंख्यापासून हात लांब ठेवा.

कॉइल_काका | रविवार, सकाळी ६:४५

फर्मागुडी, तुमचं वर्णन मी दोनदा वाचलं. फार चांगलं लिहिलंय, कारण उत्तर जवळजवळ त्यातच आहे.

पेट्रोल कमी पडलं असतं तर गाडी चढावर आधी मेली असती, कारण पेट्रोलची सगळ्यात जास्त गरज तिथे असते. कॉइल किंवा कंडेन्सर दुबळा असता तरीही चढावरच कळलं असतं. थ्रॉटल (पायाने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडा असताना सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो आणि दाबाखाली ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. दुबळा करंट तिथे हार मानतो. तुमची गाडी नेमकी तिथेच बरी चालते. म्हणजे तुम्ही बदललेल्या बऱ्याचशा वस्तू मुळात निर्दोष असाव्यात. जुन्या फेकू नका.

आता सपाटीवर हलक्या पायाने चालताना वेगळं काय होतं? कार्बोरेटरपासून डेल्कोला एक बारीक नळी जाते. स्लोला थ्रॉटलची चकती बंद असते आणि या नळीचं भोक चकतीच्या वरच्या अंगाला असतं, त्यामुळे नळीत ओढ (व्हॅक्यूम) नसते. चकती जरा उघडली की तिची कड भोकापलीकडे जाते आणि मॅनिफोल्डची (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या वाटेची) ओढ नळीत येते. ती ओढ डेल्कोतला पडदा खेचते, पडदा पॉइंटची प्लेट फिरवतो आणि ठिणगी लवकर पडते. हलक्या पायावर सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, म्हणून त्याला आधी पेटवावं लागतं. पाय पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढच संपते आणि प्लेट जागेवर परत येते.

म्हणजे तुमचा त्रास ज्या क्षणी सुरू होतो, त्या क्षणी ती प्लेट फिरलेली असते. आज एवढंच करा: ती नळी डेल्कोवरून काढा, नळीच्या तोंडात घट्ट बसेल असा स्क्रू घाला आणि बाणस्तारीपर्यंत जाऊन या. एका चाचणीपुरतंच, कायम तसं चालवू नका. पेट्रोल जास्त खाईल आणि लांबच्या प्रवासात तापेल.

पद्मिनी१०८९ | रविवार, सकाळी ९:२०

पुण्याहून. काकांना दुजोरा. माझ्या पद्मिनीला पडदा फाटलेला निघाला होता. नळी तोंडात धरून ओढा आणि भोकावर जीभ दाबून ठेवा. ओढ टिकली तर पडदा शाबूत, लगेच सुटली तर फाटलेला.

फर्मागुडी७८ | रविवार, संध्याकाळी ७:०५

काका, तुम्हाला काय सांगू. नळी काढून, स्क्रू घालून गेलो. भोम, बाणस्तारी, जुने गोवे, थेट रायबंदरच्या कॉजवेपर्यंत. एकदाही मिस नाही! पिकअप जरा जड वाटला, पण फटफट पूर्ण बंद. परत येताना मुद्दाम थांबून नळी लावली आणि दोन किलोमीटरांत त्रास परत हजर.

सासष्टीकरदादा, काल रात्री पडवीतला दिवा घालवून बोनेट उघडून बघितलं. कुठेही ठिणगी दिसली नाही, सगळा काळोख. कॅप आतून स्वच्छ आहे.

मग पडदाच गेला ना? नवीन मागवू का?

पद्मिनी१०८९ | रविवार, संध्याकाळी ७:४०

मागवा मागवा. केस क्लोज.

डिचोलीची_लेक | रविवार, रात्री ९:१५

थांबा, अजून मागवू नका.

माझ्या वडिलांचं डिचोलीला गॅरेज होतं, खाणींवरच्या जीपा आणि अँबॅसडर येत. शाळेतून आल्यावर फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) पुसून ठेवायचं काम माझं असायचं. हा त्रास मी लहानपणी बघितलाय, म्हणून लिहितेय.

जरा विचार करा. पडदा फाटला असता तर प्लेट फिरलीच नसती. गाडी कायम मंद राहिली असती, म्हणजे आज नळी काढल्यावर जशी जड वाटली तशी रोजच वाटली असती. फाटलेला पडदा पिकअप खातो, तो असा थांबून थांबून मिस देत नाही. उलट नळी काढल्यावर त्रास गेला, याचा अर्थ पडदा धडधाकट आहे. तो प्लेट फिरवतोय आणि प्लेट फिरली की काहीतरी तुटतंय.

प्लेटवर पॉइंट बसलेले असतात. पॉइंटला बाहेरून येणारी एक बारीक वायर असते आणि प्लेटपासून डेल्कोच्या बॉडीला अर्थिंगची एक लहानशी वायर असते, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. अँबॅसडरमध्ये या दोन्ही कापडी आवरणाच्या. प्लेट रोज शेकडो वेळा पुढे-मागे होते, तशा त्याही वाकतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं वाकल्यावर आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. आवरण मात्र तसंच राहतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. माझे बाबा म्हणायचे, डेल्कोतली वायर डोळ्यांनी तपासू नको, मीटरने तपास.

मीटर असं लावा: डी.सी. व्होल्टवर ठेवा. लाल टोक कॉइलच्या त्या टर्मिनलला जिथून वायर डेल्कोत जाते, काळं टोक डेल्कोच्या बॉडीवर खरवडून. इंजिन हाताने फिरवून पॉइंट बंद स्थितीत आणा, चावी ऑन. पॉइंट, वायरी, अर्थिंग सगळं ठीक असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, ०.२ व्होल्टच्या आत. आता एकाने नळी तोंडाने ओढून प्लेट फिरवायची आणि दुसऱ्याने मीटर बघायचं. चावी मिनिटभरापेक्षा जास्त ऑन ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापते.

कॉइल_काका | रविवार, रात्री ९:५०

ताई, अगदी बरोबर. मी पडद्यापर्यंत जाऊन थांबलो असतो. फर्मागुडी, ताईंनी सांगितलंय तसंच करा.

फर्मागुडी७८ | सोमवार, रात्री ८:३०

आज कामावरून लवकर आलो. पाऊस धो धो, म्हणून गाडी मांडवाखालीच ठेवली. माझी मुलगी बारावीत आहे, तिला मीटर दिला आणि मी बोनेटमध्ये वाकून नळी तोंडात धरली.

चावी ऑन. ती म्हणाली, "शून्य पॉइंट एक." मी हळूच ओढलं. प्लेट सरकताना दिसली, पॉइंट तसेच बंद. "शून्य पॉइंट एक... तीन... बाबा, बारा! परत शून्य." सोडलं, पुन्हा ओढलं. पुन्हा बारा. पाच वेळा केलं, त्यात चार वेळा आकडा उडाला. नळीत जीभ लावून धरली तर प्लेट फिरलेली तशीच राहिली, म्हणजे पडदा खरोखरच ठणठणीत.

मग ताईंच्या पोस्टमधून सुचलं तसं लाल टोक थेट प्लेटवर लावलं, काळं बॉडीवरच. तेच आकडे! म्हणजे बाहेरची वायर आणि पॉइंट सुटले, दोष प्लेट आणि बॉडीच्या मध्येच.

डेल्को उतरवली. अर्थिंगची ती वायर दिसायला एकदम साबूत, कापड मळकट झालेलं पण कुठेही फाटलेलं नाही. चिमट्याने एक टोक धरून जरा ओढलं तर कापड रबरासारखं लांबलं. आवरण चिरलं तेव्हा झाळकामाच्या अगदी तोंडाशी तांब्याचा गुच्छ हिरवा पडून तुटलेला होता. चार-पाच धागे एकमेकांना टेकून उभे होते. प्लेट सरळ असेल तर टेकायचे, फिरली की सुटायचे. एवढ्याशा वायरीपायी मी तीन कंडेन्सर आणि एक कॉइल घेतली.

मुलीने फोटो काढून ठेवलाय. ताई, तुमचे मनापासून आभार.

डिचोलीची_लेक | सोमवार, रात्री ८:५५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबा असते तर त्यांनी तुमच्या मुलीला लगेच गॅरेजवर बोलावलं असतं.

बदलताना एक जपा: घरातली साधी वायर लावू नका, ती महिन्याभरात तुटते. सोल्डर काढायची तांब्याची वेणीही चालत नाही, झाळ तिच्यात शोषली जाऊन ती कडक होते. मीटरच्या चांगल्या प्रोबची मऊ सिलिकॉन वायर घ्या, तिच्यात शेकडो बारीक धागे असतात. दोन्ही टोकांना झाळ अगदी थोडी आणि मध्ये सैल वळण, प्लेट पूर्ण फिरल्यावरही ताण यायला नको. ती रोटरला किंवा कॅमला घासत नाही ना, हे हाताने फिरवून बघा. त्याच वेळी पॉइंटची वायरही बदला, तिचं वय तेवढंच आहे.

शिकाऊ_मेकॅनिक | सोमवार, रात्री ९:१०

धागा वाचनखुणेत ठेवला. एक शंका: स्लोला थरथरते त्याचं काय? स्लोला तर प्लेट फिरतच नाही.

कॉइल_काका | मंगळवार, सकाळी ६:३०

शिकाऊ, फार चांगला प्रश्न. तो वेगळा आजार आहे. दोन आजार एकाच गाडीत एकदम असले की माणूस एकाच कारणात दोन्ही बसवायला जातो, आणि म्हणूनच फर्मागुडींच्या इतक्या वस्तू बदलल्या गेल्या.

फर्मागुडी, वायर बदलून झाली की प्लग काढून त्यांचा रंग क्रमाने लिहा. आणि रविवारी मी फोंड्याला येतोय, माझा व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा) घेऊन येतो. सोबत कार्बोरेटरखाली बसणारा एक स्पेसर आणतो. त्यात मी बऱ्याच वर्षांपूर्वी पितळी नळी बसवून घेतलीय. तुमचा स्पेसर काढून माझा घालायचा, की तुमच्या मॅनिफोल्डला भोक न पाडता गेज लागतो.

फर्मागुडी७८ | बुधवार, रात्री १०:४०

दोन्ही वायरी बदलल्या. आज रायबंदरपर्यंत नळी लावून गेलो आणि आलो. कॉजवेवर चौथ्या गिअरमध्ये ५० ला पाय स्थिर ठेवून अख्खा पट्टा पार केला. सुईसारखी चालली.

स्लोची थरथर मात्र तशीच आहे. प्लग: १ आणि २ बदामी, ३ आणि ४ पांढुरके, जवळजवळ खडूसारखे.

डिचोलीची_लेक | बुधवार, रात्री ११:०५

३ आणि ४ एकत्र पांढरे! या इंजिनात आत जाणारे पोर्ट दोनच आहेत: पुढचा १-२ चा सामाईक, मागचा ३-४ चा सामाईक. शेजारचे दोन प्लग एकदम पांढरे म्हणजे मागच्या पोर्टापाशी जास्तीची हवा शिरतेय. कार्बोरेटरचा दोष असता तर चारही प्लग सारखे दिसले असते. मॅनिफोल्डचं मागचं पॅकिंग (गॅस्केट) बघा.

पद्मिनी१०८९ | गुरुवार, सकाळी ८:१५

ताई, रविवारच्या घाईबद्दल माफ करा, 'केस क्लोज' फार लवकर लिहिलं. आमच्याकडे हवा घेते का बघायला एकजण अगरबत्तीचा धूर धरतो. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती.

कॉइल_काका | गुरुवार, सकाळी ८:४०

पेट्रोलच्या गाडीवर निखारा नको! वाटीतून एक थेंब ओघळला तरी पुरतो. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रेही मारू नका, या इंजिनात आत जाणारा आणि बाहेर पडणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात. तापलेल्या एक्झॉस्टवर तो पडला तर पेट घेईल.

मी काय करतो: थंड इंजिन सुरू केल्या केल्या, मॅनिफोल्ड तापायच्या आत, झाडांवर पाणी मारायच्या स्प्रेने धुक्याएवढं पाणी पॅकिंगच्या कडेला मारायचं. गळती असेल तिथे स्लो क्षणभर बदलतो. तापलेल्या बिडावर मात्र पाण्याची धार कधीही नको, तडा जातो. दुसरं, हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं पॅकिंगभोवती फिरवायचं. हवा ओढली जाते तिथे फुसकारा स्पष्ट ऐकू येतो.

सासष्टीकर | गुरुवार, दुपारी १:२०

अवांतर, पण कामाचं. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. इथेनॉलला तेवढ्याच हवेत इंधन जास्त लागतं, म्हणून साध्या पेट्रोलवर लावलेलं मिश्रण ई-२० वर विरळ पडतं. गळती बंद झाल्यावर एस.यू. चं जेट पुन्हा लावावं लागेल. खालचा नट खाली फिरवला की मिश्रण घट्ट होतं. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा. मग कार्बोरेटरचा पिस्टन उचलायची पिन जेमतेम मिलिमीटरभर उचला. रेस किंचित वाढून स्थिरावली तर बरोबर, वाढलेलीच राहिली तर घट्ट, इंजिन मरायला लागलं तर विरळ. डॅम्परमध्ये तेल आहे का तेही बघा. ते नसलं की पाय दाबताना गाडी अडखळते.

आणि जुन्या रबरी पेट्रोल नळ्या इथेनॉलला टिकत नाहीत. मऊ पडल्या असतील तर सगळ्या बदला, हे पुढे ढकलू नका.

फर्मागुडी७८ | रविवार, संध्याकाळी ६:५०

आज काका आले. बरोबर गेज, स्पेसर आणि आईसाठी रायबंदरहून फणस. आईने त्यांना जेवल्याशिवाय हात लावू दिला नाही.

गेज लावला. सुई १४.५ इंचांवर, स्थिर. काका म्हणाले, समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन स्लोला १७ ते २१ च्या मध्ये स्थिर दाखवतं. सुई मधूनमधून एकाच तालात खाली आपटली असती तर जळका व्हॉल्व्ह. भराभर थरथरत असती आणि रेस वाढवल्यावर शांत झाली असती तर झिजलेले व्हॉल्व्ह गाइड. स्लोला बरी पण रेस धरून ठेवल्यावर हळूहळू उतरत गेली असती तर सायलेन्सर चोंदलेला. आमची कमी पण स्थिर होती. त्याची कारणं बहुतेक दोनच: टायमिंग मागे किंवा हवा घेतेय.

आधी टायमिंग. पॉइंटमध्ये फिलर घातला तर गॅप जेमतेम ०.२५ मिलिमीटर! पुस्तकात ०.३५ ते ०.४० आहे. गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं, हे मला माहीतच नव्हतं. गॅप ०.३८ केला, टेस्ट लॅम्प लावून पुलीच्या खुणेवर टायमिंग परत बसवलं. सुई १६ वर.

मग पाण्याचा स्प्रे. पुढच्या पोर्टाभोवती मारला, काही नाही. मागच्या पोर्टाच्या खालच्या अंगाला मारला आणि स्लो एकदम बदलला. काकांनी रबरी नळी माझ्या कानाला लावली. तो फुसकारा मी विसरणार नाही, सापाने श्वास घ्यावा तसा. मागचे दोन नट हाताच्या जोरावर फिरले एवढे सैल होते, आणि मॅनिफोल्ड काढला तर तिथलं पॅकिंग नखाएवढं फुंकलेलं. स्टीलची पट्टी लावून बघितलं तर मागच्या तोंडाला किंचित बाक आहे. मॅनिफोल्ड उद्या लेथवाल्याकडे फेस मारायला (तोंड सपाट करायला) जाईल.

पद्मिनी१०८९ | रविवार, रात्री ८:१०

काका, एक शंका. माझ्या गाडीचा गेज पुण्यात १७ दाखवतो आणि मी दोन वर्षं इंजिन खराब समजतोय.

कॉइल_काका | रविवार, रात्री ९:००

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी धरायचा, म्हणजे तुमचा आकडा मुळातच जवळजवळ दोन इंच खाली असणार. सुई स्थिर असेल तर तुमचं इंजिन उत्तम आहे, त्याला उघडू नका. आमचाच गेज चोर्ला घाट चढून बेळगावला नेला तर अडीच इंचांनी उतरतो.

फर्मागुडी७८ | शुक्रवार, रात्री ९:३५

लेथवाल्याने फेस मारला, नवीन पॅकिंग घातलं, नट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे करत आवळले आणि एकदा इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासले. जेट नटाच्या दोन बाजू खाली केला, पिन उचलून बघितली. सुई १९ वर, हलत नाही. बोनेटवर पाण्याचा पेला ठेवला, पाण्याला फक्त बारीक वलयं. आरशात मागचं तुळशी वृंदावन स्वच्छ दिसतंय, पणतीसुद्धा.

आई पडवीत बसून ऐकत होती. म्हणाली, "ह्यांच्या वेळी असाच आवाज असायचा."

उद्या डिकी रिकामी करतोय. माटोळीला सुपारीचे घड आणि तोरिंगं गावातून येतील, बाकीचं इथल्या बाजारातून नेऊ.

सावंतवाडीकर | शनिवार, सकाळी ७:२५

पहिल्यापासून वाचतोय, आज लिहितोय. माझी फियाट ११०० स्लोला अशीच थरथरते आणि मी मागच्याच आठवड्यात नवीन कंडेन्सर घेतलाय. काका, तुमचा गेज चतुर्थीनंतर आठवडाभर मिळेल का? बांद्यापर्यंत मी स्वतः येऊन नेतो आणि आणून देतो.

कॉइल_काका | शनिवार, सकाळी ७:४०

खुशाल न्या. स्पेसर मात्र तुमच्या फियाटच्या सोलेक्स कार्बोरेटरला बसणार नाही, तुमच्या कार्बोरेटरखालच्या पॅकिंगचा कागदावर ठसा काढून आणा, त्यावरून नवीन करून घेऊ. आणि तोपर्यंत प्लग काढून चारही रंग इथे लिहा.